छातीतली कळ लपवली तेव्हा

खोटं बोलायचं, हे मी घरूनच ठरवून निघालो होतो. आज कबूल करतो. आमच्या वेल्ह्याकडच्या गावात दसऱ्याला देवीची पालखी निघते, आणि तिची पुढची दांडी बावीस वर्षं माझ्याच खांद्यावर. यंदा श्रावणापासून चढ लागला की छातीत कळ यायची. बायकोला म्हणायचो, पित्त झालंय. तिनं काही ऐकलं नाही. दुसऱ्या माळेला मला भोरला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दोन दिवसांनी स्ट्रेस टेस्टला यायला सांगितलं. छातीला वायरी लावून सरकत्या पट्ट्यावर चालायचं आणि दुखलं की लगेच सांगायचं. म्हटलं, सांगतोय कोण? दुखतंय म्हटलं की दांडी गेलीच.

नवरात्रात मी पायात काही घालत नाही, तसाच अनवाणी पट्ट्यावर चढलो. दर थोड्या वेळानं चढ वाढे, वेग वाढे. मी देवीचं नाव घेत राहिलो. खरं तर ते नामस्मरण नव्हतंच, माझ्या लबाडीत मी तिलाही ओढत होतो. तिसऱ्या चढाला कळ डाव्या हातात उतरली. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास होतोय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

दवाखान्यातल्या एक मावशी टॉवेल घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "कुनाचं नाव घेताय, दादा?"

"आमच्या देवीचं."

"मग तिचं नाव घेता घेता खोटं कशाला बोलताय?"

त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडावरनं त्यांनी ओळखलं असेल. मला मात्र देवीच रागावल्यासारखं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लई दुखतंय," म्हणालो आणि रडूच फुटलं. डॉक्टरांनी पट्टा थांबवला. लगेच पुण्याला नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती, ती तिथं उघडली. पालखी घेऊन चढलो असतो तर वाटेतच आडवा झालो असतो.

दसऱ्याला दांडी पुतण्यानं धरली. दारात बसून बघताना मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात पालखी आमच्याच दारात थांबली. आमच्याकडं आजारी माणसाला पालखीखालून काढतात. कित्येकांसाठी मी ती उंच धरली होती, खालून कधी गेलो नव्हतो. बायकोनं हात धरला, मी वाकलो. देवीला आपण उचलतो, म्हणून इतकी वर्षं मिरवलो होतो. खालून जाताना काही मागावंसं वाटलं नाही. एवढंच म्हणालो, आई, तुझं तू बघ, आणि माझंही आता तूच बघ.