चार ते पाच, फक्त महिलांसाठी

तिचा तळहात पाठीवर पडला की पुढच्या क्षणी आपण पाण्यात असायचो. आधी सूचना नाही, एक-दोन-तीन नाही. काठावर उभं राहून आपण मनाची तयारी करत असायचो आणि मागून तो खरबरीत, ओला हात दोन खांद्यांच्या मधोमध बसायचा. नाकातोंडात पाणी जाऊन, खोकत, तिला मनातल्या मनात शिव्या देत वर यावं, तर ती काठावर उकिडवी बसलेली. "भिऊ नको, मी शे ना," म्हणायची, मी आहे ना, असं तिच्या अहिराणीत. ते ऐकून धीर यायचा की आणखी भीती वाटायची, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

जळगावच्या मे महिन्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे सुट्टीत घरी. कूलरसमोर बसून बसून अंग आंबून जातं. त्या वर्षी शेजारणीच्या नादानं मी पोहायच्या तलावावर नाव घातलं. चार ते पाच बायकांची बॅच. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गुडघ्यापर्यंतचा काळा पोशाख आणि डोक्यावर रबरी टोपी घालून मी आरशात पाहिलं आणि दहा मिनिटं कपडे बदलायच्या खोलीतून बाहेरच आले नाही. शेवटी आम्हाला शिकवणारी तीच आत आली आणि दंडाला धरून मला घेऊन गेली.

आम्ही तीसेक जणी होतो. सकाळी गच्चीवर कुरडया घालून आलेल्या, बोटांना चीक लागलेला तसाच. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या तिलाच शिकवायला जायच्या, हात असा हवा, श्वास तसा हवा. तिनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांनाही ढकललं. पुढे त्या तिच्या सर्वांत लाडक्या झाल्या.

ती पस्तिशीची असेल. काळीसावळी, रुंद, मान जाड. नरडाण्याच्या पलीकडे तापीकाठचं तिचं गाव. पोहणं कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, बापानं नावेतून फेकून दिलं, दुसऱ्यांदा फेकलं तेव्हा आपोआप आलं. नवरा नव्हता. होता की नव्हताच, हे कुणी विचारलं नाही. आम्हा सगळ्यांना, वयानं लहान असो की मोठी, ती अक्काच म्हणायची. आम्ही तिला ताई म्हणायचो.

तिचा हात कसा चालतो ते आम्हाला दुसऱ्या आठवड्यात कळलं. तलावाच्या भिंतीला लागून एक इमारत बांधून होत होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावरून दोन तरुण मोबाइलवर आमचं चित्रण करताना मुख्याध्यापिकाबाईंना दिसले. आम्ही ओरडत टॉवेल गुंडाळू लागलो. ताई ओरडली नाही. पानं काढायच्या जाळीचा लांब बांबू तिनं उचलला आणि ओल्या अंगानं, अनवाणी, फाटकातून बाहेर गेली. थोड्या वेळानं वरून आवाज आला. बांबू हाडावर बसल्याचा आवाज वेगळा असतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही. एक जण रडत होता, हात मोडला, हात मोडला म्हणत. ती परत आली तेव्हा बांबू मधून चिरला होता आणि तिच्या मुठीत दोन्ही मोबाइल होते. ते तिनं पायरीवर ठेवले, दगडानं ठेचले आणि शिट्टी वाजवून आम्हाला पाण्यात उतरायला सांगितलं.

आम्हाला त्या दिवशी फार बरं वाटलं. घरी जाऊन मी नवऱ्याला रंगवून सांगितलं. त्या मुलाच्या हाताचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं.

बॅचमध्ये एक मुलगी होती, अठ्ठावीस-तीसची. तिची टोपी पिवळी होती म्हणून आम्ही तिला पिवळी टोपीच म्हणत असू. घरी तिनं शिवणाच्या क्लासला जाते असं सांगितलं होतं. पोशाख वाळेपर्यंत ती तलावावरच थांबायची. पाण्यात माणसाला काही लपवता येत नाही. बाही वर सरकली की तिच्या दंडावर बोटांचे निळे डाग दिसायचे. एकदा पाठीवर पट्ट्याचा वळ दिसला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्याच जणी दुसरीकडे पाहू लागलो. ताईनं सरळ विचारलं, "कोन मारस तुले?" मुलगी म्हणाली, न्हाणीघरात पाय घसरला. ताईनं पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून ती रोज तिला वेगळं घेऊन बसायची, श्वास रोखायला शिकवायची, खोल पाण्यात उतरवायची. बाकी कुणाला नसेल इतक्या मायेनं. तिला एकदाही ढकललं नाही.

जूनची सुरुवात झाली. संध्याकाळी आभाळ भरून यायचं, धूळ उडायची आणि काही न पडता निघून जायचं. वादळानं रावेरकडच्या केळी आडव्या झाल्याच्या बातम्या येत होत्या. तलाव आठवड्याभरात बंद होणार होता, माझी शाळा सुरू होणार होती. जाता जाता एक दिवस सगळ्यांनी आमरस आणायचा, असं आमचं ठरलं होतं.

तो दिवस आला नाही. त्याआधीच्या शुक्रवारी मुलीचा नवरा आला.

फाटकावर तिकिटं पाहणारी बाई होती, तिला त्यानं बाजूला लोटलं. मी खोल बाजूला काठाची नळी धरून पाण्यात होते. मुलगी माझ्यापासून दोन हातांवर, काठावर, उडी मारायच्या तयारीत. तो बुटांसकट फरशीवर चालत आला. त्यानं तिची टोपी ओढून काढली, केस मुठीत धरले आणि तिचं तोंड शिडीच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. एकदा. मग परत. शिवणक्लास, शिवणक्लास, असं तो प्रत्येक वेळी म्हणत होता, फार मोठ्यानंही नाही. तिचा ओठ फाटला. काहीतरी पांढरं माझ्यासमोर पाण्यात पडलं आणि खाली गेलं. तो तिचा दात होता. रक्त फरशीवरून ओघळून माझ्या हाताजवळ पाण्यात उतरत होतं आणि मी नळी सोडली नाही. तिथे आम्ही तीस जणी होतो. एकीनंही पाऊल पुढे टाकलं नाही.

ताई पलीकडच्या टोकाला होती. ती धावत आली नाही, चालतच आली. तिचा हात त्याच्या पाठीवर पडला.

त्याला पोहता येत नव्हतं. तो वर आला, हात मारू लागला, तोंड उघडलं आणि खाली गेला. ताईनं उडी मारली. आम्हाला वाटलं, आता ती त्याला बाहेर काढेल. तिनं त्याची कॉलर धरली, वर आणलं, एक श्वास घेऊ दिला आणि डोक्यावर हात ठेवून खाली दाबलं. परत वर आणलं. त्याचे डोळे पांढरे झाले होते. तो नको, नको म्हणत होता. तिनं परत दाबलं. तिसऱ्या वेळी ती स्वतःही त्याच्याबरोबर खाली गेली आणि दोघंही वर येईनात.

मी पाण्याकडे पाहत होते. खाली दोन काळ्या आकृत्या हलत होत्या, मग एकच हलत होती. कुणीतरी किंचाळलं. आणि ती मुलगी, फाटक्या तोंडाची, महिनाभर शिकलेली, काठावरून खाली झेपावली.

तिनं ताईच्या हाताला चावा घेतला. मनगटाच्या वर, मांस तुटेपर्यंत. त्या हातातून नवरा सुटला तेव्हा तिनं त्याला केसाला धरून वर ओढलं. मग कुठे आम्ही हलू शकलो, सगळ्यांनी मिळून त्याला फरशीवर घेतलं. तो निळा पडला होता. ताई बाहेर आली, त्याच्याशेजारी बसली आणि छाती दाबू लागली. तिच्या हातातून रक्त वाहत होतं. ती तोंडानं त्याला श्वास देत होती, मध्येच त्याच्या गालावर चपराक मारत होती, पुन्हा श्वास देत होती. बऱ्याच वेळानं त्याच्या तोंडातून पाणी आलं, मग उलटी, मग श्वास. ताई उठली, बाजूला जाऊन भिंतीला टेकून बसली. मुलगी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती.

पोलीस येईपर्यंत आम्ही कपडे बदलायच्या खोलीत एक गोष्ट ठरवली. तो आत घुसला, ओल्या फरशीवर त्याचा पाय घसरला, ताईनं त्याला वाचवलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, सगळ्यांनी एकच सांगायचं. मराठीची शिक्षिका म्हणून मजकूर मी केला. फार चांगला उतरला होता, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तीस बायकांनी सह्या केल्या.

मुलीनं मात्र दवाखान्यात वेगळं सांगितलं. त्या बाईनं माझ्या नवऱ्याला मारायचा प्रयत्न केला. तोंडाला काय झालं? माझा पाय घसरला.

ठाण्यात एक महिला अधिकारी होती. तिनं आमचा कागद वाचला आणि ताईला विचारलं, असंच झालं ना? बाई तिला सोडून द्यायच्या तयारीतच बसली होती. ताई हो म्हणाली असती तर त्याच संध्याकाळी घरी गेली असती. ताई म्हणाली, "त्याना पाय घसरना नही. मी ढकलं त्याले. आन् मी सोडनार बी नव्हती."

अधिकारी बाईनं पेन खाली ठेवलं. नीट विचार करून सांग, असं दोनदा म्हणाली. ताईनं तेच दोनदा सांगितलं.

बाहेर बाकावर मी तिच्याजवळ गेले. मला राग आला होता. तीस जणींना तिनं खोटं पाडलं होतं. मी म्हटलं, आम्ही तुझ्यासाठीच लिहिलं ना? तिनं पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला होता.

"त्याना पाय घसरना आसं लिखं," ती म्हणाली, "तर तिना दातबी घसरीसनच पडना आसं व्हयी." म्हणजे तिचा दातही घसरूनच पडला, असं होईल.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मनी बहीनना पायबी घसरना व्हता."

पुढे तिच्या गावच्या एका बाईकडून मला कळलं. थोरली बहीण सासरी विहिरीत मेली होती. डोकं फुटलेलं होतं. कागदावर पायरीवरून घसरून पडली असं होतं आणि साक्षीदार म्हणून सोळा वर्षांच्या ताईची सही होती.

त्या दिवशी मात्र तिचं तेवढंच ऐकून मी आत गेले आणि नवा कागद मागितला. या वेळी अक्षर चांगलं आलं नाही. तो कसा आला, केस कसे धरले, दांड्यावर किती वेळा आपटलं, दात कुठे पडला, आणि मी दोन हातांवर असून जागची हलले नाही, सगळं लिहिलं. ताईनं ढकललं तेही लिहिलं. माझ्यामागून सात जणींनी आपले जबाब बदलले. बाकीच्या घरी गेल्या. त्यांनाही मी दोष देणार नाही.

ताई दीड महिना तुरुंगात होती, मग जामीन मिळाला. तलावावरचं काम अर्थातच गेलं. नवरा आठवड्याभरात बरा झाला आणि मुलगी त्याच्याबरोबर घरी गेली. मला वाटलं, संपलं. पण गणपती उठल्यानंतर ती माझ्या दारात आली, हातात कपड्यांची पिशवी. ती भावाकडे धुळ्याला निघाली होती. घटस्फोटाच्या वकिलानं तिला विचारलं होतं, मारत होता याला पुरावा काय? ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या कागदात दाताचं आहे ना?" मी हो म्हटलं. कोर्टात येऊन सांगाल का, असं तिनं विचारलं आणि मी जाऊन सांगितलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात तलावावर नवीन बाई आल्या. प्रशिक्षण घेतलेल्या, गोड बोलणाऱ्या, थर्माकोलच्या पाट्या देऊन हळूहळू शिकवणाऱ्या. मी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गेले नाही.

ताईवरचा खटला अजून चालू आहे. तारखेला ती गावाहून येते. मागच्या वेळी माझी साक्ष होती. काम झालं तेव्हा दुपार होती, जूनचे पहिले दिवस, ऊन तसंच. मी तिला बसस्थानकावर सोडायला गेले. धुळ्याची गाडी लागायची होती. आम्ही उसाचा रस घेतला. आता ती नरडाण्याच्या एका कारखान्यात खोकी भरते, असं तिनं सांगितलं. तिथे पाण्याचा संबंध नाही, हेही सांगितलं.

मग ती म्हणाली, "तुले पोहता येत व्हतं ना, अक्का?"

मी म्हटलं, हो, तोपर्यंत येत होतं.

"तू जवळच व्हती. ती पोर चावली नसती तर मी त्याले मारी टाकती. मंग तू का नही उनी?"

तू का आली नाहीस, असं ती विचारत होती. रागानं नाही, खरंच कळून घ्यायचं होतं म्हणून. माझ्या जबाबात मी त्याच्या माराचं सगळं लिहिलं होतं, माझ्या भित्रेपणाचंही. पण तो पाण्याखाली होता तेव्हाचं काही लिहिलं नव्हतं. तेव्हा मी घाबरलेली नव्हते. खालची आकृती हलायची थांबली तेव्हा मला वाटलं होतं, आता सोडू नकोस.

मी म्हटलं, मला वाटलं तू सोडशील त्याला.

तिनं ग्लास ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. गाडी आली. गर्दी दारावर धावली. ती उठली, एका माणसाला कोपरानं बाजूला सारलं, दुसऱ्याच्या खांद्यावर हात देऊन वर चढली. गाडी वळून फाटकाबाहेर जाईपर्यंत मी खिडक्या पाहत होते. पलीकडच्या बाजूला जागा मिळाली असावी तिला.