शुक्रवारचा पिझ्झा आणि सुलभाताईंचं दही

एकनाथराव टिपणीसांना मार्क द्यायची खोड होती. अमेरिकेतल्या वूस्टरच्या एका कारखान्यात धार लावायची दगडी चाकं बनत, आणि ती पास-नापास करण्यात एकनाथरावांची सगळी नोकरी गेली. चाक टांगायचं, लाकडी मुठीनं हलकेच ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर फेकून द्यायचं. घरी आल्यावरही त्यांचं ठोकून बघणं काही सुटायचं नाही. ते राहत त्या श्रूजबरी गावात कुणाकडे जेवायला गेले की पहिला घास पोटात जायच्या आत घरातली बाई विचारी, "मग काका, किती?" आणि एकनाथराव खरोखरच सांगत. पुरणपोळीला आठ, मसालेभाताला साडेसहा. माणूस कुजकट नव्हता, पण त्यांना खोटं म्हणून बोलता येत नसे. लोकांनी शेवटी ते हसण्यावारी नेलं.

सगळ्यात जास्त परीक्षा दिल्या त्या त्यांच्या बायकोनं. सुलभाताईंना वरणाला सात मिळाले तरी फरक पडत नसे आणि नऊ मिळाले तरी नाही. "तुम्हाला देवानं जीभ चव घ्यायला दिली आहे की पेपर तपासायला?" एवढं म्हणून त्या पुढचं वाढत. फक्त दह्याच्या बाबतीत त्यांना राग यायचा. दह्याला रोज साडेनऊ ठरलेले.

"अर्धा मार्क कुठे गेला हो?"

"आंबट आहे."

"दही आंबटच असतं."

"जरा जास्त आहे."

त्या दह्याला मोठा इतिहास होता. लग्नानंतर दोघं न्यू जर्सीत आली तेव्हा तिथल्या आयसेलिन गावच्या नंदामावशींनी सुलभाताईंना त्यांच्या घरचं विरजण दिलं. नंदामावशींनी ते मुंबईहून आणलं होतं ते रुमालातून. रुमाल दह्यात बुडवून वाळवायचा, घडी करून पर्समध्ये टाकायचा आणि अमेरिकेत उतरलं की कोमट दुधात सोडायचा. पुढे टिपणीस मंडळी श्रूजबरीला आली, आणि इथल्या थंडीत दही काही लागेना. तेव्हापासून सुलभाताई रात्री दह्याचं पातेलं ओव्हनमध्ये ठेवू लागल्या. ओव्हन पेटवायचा नाही, फक्त आतला दिवा लावायचा. त्याच्या उबेनं दही घट्ट लागे. टिपणीसांच्या ओव्हननं दुसरं काम कधी केलंच नाही. वरच्या खणात दह्याचं पातेलं, खालच्या खणात तवे, कढया आणि चकलीचा सोऱ्या.

नवीन कुणी मराठी कुटुंब गावात आलं की सुलभाताई विरजणाची वाटी घेऊन त्यांच्या दारात हजर. एकनाथराव चिडत. "आपण काय डेअरी उघडली आहे का?" सुलभाताई ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि वाटी पदराखाली धरून मागच्या दारानं जात.

दोन हजार पाचच्या मार्चमध्ये सुलभाताई गेल्या. पोटाचा आजार निघाला आणि दोन महिन्यांत सगळं आटोपलं.

एकनाथराव रडले नाहीत म्हणून लोकांना काळजी वाटली. घर शांत झालं, देवापुढचा दिवा लागेनासा झाला, स्वयंपाक बंदच पडला. त्यांनी चालू ठेवली ती एकच गोष्ट. रोज रात्री दूध कोमट करायचं, विरजण लावायचं आणि पातेलं ओव्हनमध्ये ठेवून दिवा लावायचा. तिच्या हातचं या घरात आता एवढंच जिवंत होतं. ते मरू द्यायचं नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या सगळ्या दिवसाला तेवढाच आधार होता.

लावत होते तेही कारखान्यातल्यासारखं. दुधात थर्मामीटर, विरजण मोजून अर्धा चमचा. दही लागायचं सुरेख, गोडसर, सुरीनं कापावं असं. तरी रोज खाताना काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटे. काय ते समजत नव्हतं, आणि मार्क द्यायला समोर कुणी नव्हतं.

शुक्रवार मात्र चुकला नाही. त्यांची मुलगी सावनी लहान असल्यापासून शुक्रवारी सुलभाताईंना स्वयंपाकाला सुट्टी असायची आणि पिझ्झा यायचा. सावनी आता बॉस्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. आई गेल्यावर ती दर शुक्रवारी गाडी काढून बाबांकडे येऊ लागली. बापलेकीला एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नसे, पण पिझ्झ्यावर बोलता येई.

आधी घरपोच पिझ्झा यायचा. पहिल्या काही महिन्यांत एकनाथरावांनी तो मुकाट्यानं खाल्ला, आणि एके दिवशी त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. "हा घरी पोचेपर्यंत दमून जातो. चीज सगळं झाकणाला. सहा." मग त्यांनी सुपरमार्केटमधून फ्रोझन पिझ्झे आणले. ओव्हनमध्ये कढया आणि दही, त्यामुळे ओट्यावरच्या टोस्टर ओव्हनमध्ये मावतील असे छोटे. "पिझ्झा फेकून खोकं खाल्लं असतं तरी चाललं असतं. चार." सावनी पोट धरून हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं, आणि एकनाथरावांना ते फार बरं वाटलं.

"बाबा, टेक-अँड-बेक ट्राय करू या," ती म्हणाली. "स्टोअरमध्ये ते तुझ्यासमोर बनवून देतात, कच्चाच. घरी आणून फक्त बेक करायचा. बट इट्स ह्यूज, टोस्टर ओव्हनमध्ये नाही जाणार."

"मग मोठा ओव्हन रिकामा करतो," एकनाथराव म्हणाले.

पुढच्या गुरुवारी दुपारी त्यांनी खरंच ओव्हन उपसला. तवे, कढया, सोऱ्या, सगळं तळघरात नेऊन लावलं. आतून जाळ्या पुसल्या. ओव्हन रिकामा, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं. रात्री मात्र हातांनी नेहमीचं काम केलं. दूध कोमट झालं, आधीच्या दह्याचा शेवटचा अर्धा चमचा त्यात गेला, पातेलं आत गेलं आणि दिवा लागला. आधीचं पातेलं घासून पालथं पडलं. सुलभाताई फ्रिजमध्ये एक वाटी विरजण नेहमी बाजूला ठेवत. एकनाथरावांच्या हिशेबात तो दुप्पट खटाटोप होता, म्हणून त्यांनी ती पद्धत बंद केली होती.

शुक्रवारचा सगळा दिवस बर्फ उपसण्यात गेला, आणि चारच्या सुमाराला त्यांनी दुकानातून आणून ठेवलेल्या पिझ्झ्यावरची सूचना चष्मा लावून वाचली. ओव्हन आधी चांगला तापवून घ्या. एकनाथरावांनी सूचना कधी मोडली नव्हती. चारशे पंचवीस फॅरनहाइटवर बटण फिरवलं आणि ताटल्या मांडायला घेतल्या. आतला दिवा दिसत होता, पण तो तर रोजच लागलेला असे.

सावनी आली, बूट झटकले, आणि दारातच थबकली.

"बाबा, कसला वास येतोय?"

तिनं ओव्हन उघडला. पातेल्यावरची ताटली तापून काळपट पडली होती. तिनं चिमट्यानं ती बाजूला केली. आत पिवळं पाणी उकळत होतं आणि त्यात रबरासारखा एक गोळा.

एकनाथराव ओट्याशी उभे राहिले. त्यांनी पातेल्यात पाहिलं, मग खुर्ची ओढून बसले. "गेलं," ते म्हणाले. "गेलं गं ते." आणि वर्ष होत आलं तरी जे आलं नव्हतं ते रडू त्यांना आलं, लहान मुलासारखं, हुंदके देऊन.

सावनीनं ओव्हन बंद केला आणि ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "आई सगळ्यांना द्यायची ना? प्रतिमाच्या घरी असेल. मी फोन करते."

"नको." एकनाथरावांनी नाक पुसलं. "मी जातो."

त्यांनी वाटी घेतली, कोट चढवला आणि निघाले. प्रतिमाचं घर तीन दारं सोडून होतं. ती नागपूरची, सॉफ्टवेअरमधली, चार वर्षांपूर्वी गावात आली होती. तिच्या वेळचा तो डेअरीचा शब्द एकनाथरावांना लख्ख आठवत होता. आता तेच वाटी घेऊन दारात. आणि तिनं ते दही केव्हाच सोडलं असलं तर? दुकानातले डबेच आणत असली तर? त्यांनी बेल वाजवली तेव्हा बाहेर चांगलं अंधारून आलं होतं.

प्रतिमानं दार उघडलं, त्यांचा चेहरा पाहिला, मग वाटी पाहिली.

"काका, काय झालं?"

"विरजण आहे का गं? सुलभानं दिलेलं?" त्यांनी वाटी पुढे केली. "माझ्याकडचं मी जाळलं."

"आहे ना! आत तर या आधी." तिनं त्यांना बसवलं, फ्रिज उघडला, आणि वाटी हातात घेऊन थांबली. "दिवेलागणीनंतर दही देऊ नये म्हणतात. पण काकू म्हणायच्या, इथल्या तिन्हीसांजेला तिकडे पहाट होत असते, दे बिनधास्त."

एकनाथरावांना हसू आलं. हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

तिनं त्यांची वाटी भरली, आणि एका बशीत थोडं दही घालून चमच्यासह पुढे ठेवलं. "चव घेऊन बघा. काकूंसारखं नाही जमत मला."

त्यांनी चमचा तोंडात घातला. जीभ आक्रसली. डोळे मिटले गेले.

"आंबट आहे," ते म्हणाले.

प्रतिमा ओशाळली. "माझं थोडं आंबटच होतं, काका. काकूंनी सांगितलं होतं, विरजण लावताना हात आखडायचा नाही, दोन चमचे भरून घालायचे. ते तसंच करते मी. कमी करू का?"

"नको," एकनाथराव घाईनं म्हणाले. "अजिबात करू नकोस. अजून वाढतेस का थोडं?"

बशी चाटूनपुसून झाली तरी ते बसून होते. वर्षभर ते अर्धा चमचा मोजत होते. त्यांचं दही गोड होत होतं, आणि सुलभाताईंचं दही त्यांच्या हातून रोज थोडं थोडं निसटत होतं. आज ओव्हननं फक्त उरलंसुरलं जाळलं. आणि जे त्यांनी देऊ नको म्हणून सांगितलं होतं, तेच टिकलं होतं.

घरी आले तेव्हा सावनीनं ओव्हन पुसून पिझ्झा भाजला होता, आणि ओव्हनच्या बटणावर चिकटपट्टी लावून तिच्या वेड्यावाकड्या मराठीत 'आधी आत बघ' असं लिहिलं होतं. पिझ्झा गार होत आला होता. कडा खरपूस, मधला भाग मऊ. एकनाथरावांनी एक तुकडा सावकाश संपवला.

"सो? किती?" सावनीनं विचारलं.

"आठ. आधीच्या दोन्हींपेक्षा पुष्कळच बरा. पुढच्या शुक्रवारी हाच आणू."

मग त्यांनी ओट्यावर ठेवलेली प्रतिमाकडची वाटी टेबलावर आणली. सावनीनं बोट बुडवून चाटलं.

"आणि याला?" तिनं हळूच विचारलं.

एकनाथरावांनी पुन्हा एकदा चव घेतली, नीट, जिभेवर घोळवून.

"साडेनऊ," ते म्हणाले. "आंबट आहे."