पाटावरची पिशवी

नागेशच्या मोटरसायकलच्या साइड स्टँडला खाली बशीएवढी पत्र्याची चकती जोडलेली आहे. परका माणूस ती बघून हसतो. पण बाजारकुणंग गावाच्या पलीकडच्या डोंगरात पावसाळ्यात उभी केलेली गाडी स्टँडसकट चिखलात रुतते आणि आडवी पडते. नागेशची पडत नाही. पुढचा मडगार्ड त्यानं वर उचलून बसवलाय, म्हणजे लाल माती भरून चाक अडत नाही. मागं जोयड्याच्या वेल्डरकडून सळ्यांचं कॅरिअर करून घेतलंय. त्यावर भाताचं पोतं बसतं, कंदमुळांची टोपली बसते, आणि वेळ पडली तर दवाखान्यात न्यायचं म्हातारं माणूसही पाठ टेकून बसतं. क्लचच्या चालू वायरीला लागून दुसरी नवी वायर त्यानं आधीच ओढून ठेवलीय. पहिली तुटली की दुसरी जोडायची आणि निघायचं.

हे त्याला कुणी शिकवलं नाही. गाडी जुनी घेतली होती. ती पहिल्याच महिन्यात जंगलात बंद पडली आणि त्यानं ती ढकलत घरी आणली. त्या दिवशी फणसाखाली पोतं अंथरून त्यानं ती उघडली, आणि तेव्हापासून ती दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. इंजिनचं ऑइल तो घरीच बदलायचा, आणि काढलेलं काळं ऑइल गोठ्याच्या खांबांना फासायचा, वाळवी लागू नये म्हणून. वाडीत पुढं आणखी गाड्या आल्या, पण कुठलीही अडली की माणसं नागेशच्या अंगणात यायची.

आणि नागेशची गाडी म्हटलं की ती पिशवी आलीच. जीपच्या सीटच्या जुन्या रेक्झिनची पिशवी, पोती शिवायच्या दाभणानं शिवलेली, सीटच्या बाजूला पट्ट्यानं बांधलेली. आत पाने, प्लगचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, औषधाच्या डबीत ठेवलेला जादा प्लग, पंक्चरचं सामान, तारेचं भेंडोळं, आणि चिंधीत गुंडाळलेलं एक चेन लॉक. चेनची दोन टोकं जोडणारा हा तुकडा सुपारीच्या खांडाएवढा असतो. दोन खिळे, एक पट्टी, आणि वर माशाच्या आकाराची बारीक क्लिप. ही क्लिप निसटली की लॉक पडतं, चेन सुटते, आणि इंजिन कितीही ओरडलं तरी चाक फिरत नाही.

पिशवी शिवली होती लाडूनं, नागेशच्या थोरल्या भावानं. लाडूला गाडी चालवता येत नव्हती. मागं बसला तरी तो नागेशचे दोन्ही खांदे घट्ट धरायचा आणि उतारावर डोळे मिटायचा. पण जीभ कधी मिटायची नाही.

"नाग्या, पिशवीत अजून जागा हाय बग. तुजी बायकूबी बसंल."

"तू बस की आत दादा. म्हंजे रस्ता तरी दिसणार न्हाई तुला."

दोघांच्या चुली वेगळ्या होत्या, अंगण एकच होतं. लाडूची बायको सुंदरी आणि नागेशची बायको गिरजा मिळून भात कांडायच्या, भांडायच्याही मिळूनच. लाडूला मूल नव्हतं. त्याबद्दल कुणी काही बोललं की तो नागेशकडं बोट दाखवायचा. "ह्यो काय, एवढा घोडा हाय की मला."

गेल्या वर्षीची खंडेनवमी.

या घराची रीत जुनी आहे. त्या दिवशी घरातलं झाडून सगळं लोखंड धुऊन पाटावर मांडायचं. कोयते, विळे, कुऱ्हाड, पहार, नांगराचा फाळ. हळद लावायची, झेंडूची फुलं वाहायची, निरांजन लावायचं. एकदा मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी शिलंगणाला निघेपर्यंत कुणी हलवायचं नाही. वर्षभर राबतात ती, एक दिवस त्यांनाही विसावा. गाडी आल्यापासून गाडीचीही पूजा व्हायची, पण पिशवी गाडीवरच राहायची. त्या वर्षी सुंदरी म्हणाली, "भावजी, पक्कड न् पाने म्हंजे लोखंडच न्हवं? ती तेवढी का बाजूला? देवाला काय वाटंल?"

नागेशला ते पटलं.

सकाळी तो गाडी धूत होता. चेन काढून त्यानं डिझेलमध्ये घासली, पुसली, परत चढवली. लॉक बसवून क्लिप अंगठ्यानं सरकवली. शेवटी ती पक्कडीनं दाबायची असते, टक्क आवाज येईपर्यंत. तेवढ्यात ओसरीवरून सुंदरीनं हाक मारली.

"भावजी, पक्कड द्या. पूजा खोळंबलीय."

गाडी काय उद्याच काढायची होती. उद्या दाबू, असं म्हणून नागेशनं पक्कड पुसून पिशवीत घातली आणि पिशवी पाटावर नेऊन ठेवली. लाडू तिथंच झेंडूच्या माळा ओवत होता.

"बरं झालं. आता गाडी अडली की देवच दुरुस्त करणार तुजी."

पूजा झाली. नैवेद्याला नव्या भाताची कणसं हवी होती. ती दरवर्षी लाडू आणायचा, पूजेच्या आधीच. त्या वर्षी माळांच्या नादात राहून गेलं. विळा आता पाटावर होता, म्हणून लाडू रिकाम्या हातानं शेतात गेला. एरवी तो कोयत्यानं बांधावरचं गवत झोडपत जायचा आणि मगच पाय टाकायचा. त्या दिवशी त्यानं वाकून भाताच्या बुडख्यात हात घातला, कणसं हातानंच उपटायला.

नाग होता. लाडूनं स्वतः बघितला. मनगट धरून, मूठभर कणसं तशीच हातात घेऊन तो अंगणात आला आणि म्हणाला, "गिरजा, ही घे कणसं. आन् नाग्याला गाडी काढाय सांग."

वाडीत फोन लागत नाही. सणामुळं सवारीची जीप सुटलेली नव्हती. नागेशनं गाडीवरची फुलांची माळ ओढून काढली. पिशवीसाठी तो ओसरीवर चढला, पाटापर्यंत गेला. पिशवीवर हळद होती, वर फूल होतं, निरांजन शांत जळत होतं. त्याचा हात पुढं झाला आणि थांबला. भावाचा जीव टांगणीला लागलेला असताना, आजच्या दिवशी देवापुढचं हत्यार उचलायचं? आजच देवाला दुखवायचं? त्यानं हात जोडले आणि मोकळाच खाली आला.

पुढं नागेश, मध्ये लाडू, मागं सुंदरी. गिरजानं लाडूला आपल्या एका लुगड्यानं नागेशच्या कमरेशी बांधलं. नेहमी खांदे घट्ट धरणारा लाडू आज ते नुसते धरल्यासारखे धरत होता.

"दादा, डोळं उघडं ठेव."

"उतारावर मी कधी उघडं ठेवलेत रं?" लाडू म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. पापण्या आपोआप खाली येत होत्या.

डांबरी रस्त्याच्या अलीकडं एक चढ आहे, दोन्ही बाजूंनी दाट रान. त्या चढावर गाडीनं एक हिसका खाल्ला, खाली खळ्ळकन आवाज झाला आणि इंजिन मोकळंच किंचाळायला लागलं. नागेशला बघायची गरज नव्हती. आपण काय विसरलो ते त्याला त्या आवाजातच कळलं.

चेन मागं मातीत पडली होती, मेलेल्या जनावरासारखी. लॉक नव्हतं. जादाचं पिशवीत होतं, आणि पिशवी पाटावर.

लाडूला सुंदरीच्या मांडीवर टेकवून नागेश गुडघ्यांवर बसला आणि पाचोळ्यात लॉक शोधायला लागला. चेन पडली तिथं, मग थोडं मागं, मग गटारीत. सुंदरीनं केसांतली पिन काढून दिली. त्यानं ती चेनच्या भोकांतून ओवून पिळली. गाडीनं जोर घेतला तशी ती पहिल्याच झटक्याला मोडली. तो पुन्हा पाचोळ्यात.

"भावजी, सोडा ती गाडी. उचला ह्यांला."

"थांब वैनी. हितंच असणार. आत्ता गावतंय."

"भावजी!"

"गावलं की लगीच जाऊ. पाठीवर उचलून किती लांब नेणार?"

त्याचं म्हणणं चूक होतं असंही नाही. लॉक सापडलं असतं तर गाडी चालली असती. पण तांबड्या पाचोळ्यात गंजलेल्या रंगाचा तो तुकडा दिसेना, आणि नागेश शोधत राहिला. गाडीच्या माणसाची नजर गाडीवरून हटत नाही. मागं सुंदरी काहीतरी बोलत होती, लाडूही काहीतरी पुटपुटला, पण नागेशनं मान वर केली नाही.

मान वर केली तेव्हा लाडूचा श्वास घोरल्यासारखा येत होता. मग त्यानं भावाला पाठीवर घेतलं आणि धावला. डांबरी रस्त्यावर गणेशगुडीच्या एका लॉजची जीप भेटली. ड्रायव्हर प्रवीण ओळखीचा नव्हता, पण त्यानं पर्यटकांना तिथंच उतरवलं आणि जीप जोयड्याच्या दवाखान्यात पळवली.

"केव्हा चावला?" डॉक्टरांनी विचारलं.

सुंदरीनं सांगितलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, आणि मग कुणाकडंच बघितलं नाही. त्यांनी हात चालूच ठेवले, इंजेक्शनं दिली, फुगा दाबून श्वास दिला. दिवेलागणीला लाडू गेला.

गाडी कुणीतरी नंतर घरी आणून लावली. तेराव्यानंतर नागेशनं तिला नवं चेन लॉक बसवलं आणि क्लिप पक्कडीनं दाबली. टक्क आवाज आल्यावरही तो दाबतच राहिला.

तेव्हापासून त्याच्याकडं लॉकच लॉक झाली. पिशवीत, खिशात, किल्लीच्या कडीत, एक तर हँडलला तारेनं बांधलेलं. वाडीतल्या प्रत्येक गाडीवाल्याला त्यानं एकेक दिलं. त्या चढावर आला की गाडी हळू करून तो खाली बघत जातो. माणसांना वाटतं, खड्डे चुकवतोय.

सुंदरी त्याबद्दल कधी बोलली नाही. शिव्या नाहीत, रडणं नाही. "भावजी, जेवाय या" म्हणायची, "म्हस कुठं गेली बगा" म्हणायची. पण त्या चढावरचा एक शब्द नाही. आणि गाडीवर ती पुन्हा बसली नाही. बाजाराला जायचं असलं तरी डांबरीपर्यंत चालत जाते आणि बस धरते. नागेश वाट बघत राहिला. एकदा तरी तोंडावर म्हणावं, तुम्ही मारलंत त्यांना. न बोलणाऱ्या माणसासमोर रोज जेवायला बसणं त्याला सर्पापेक्षा भयंकर वाटायचं.

या वर्षी पुन्हा खंडेनवमी आली. कोयते, विळे, पहार, सगळं धुतलं गेलं. नागेशनं फाळ आणून ठेवला आणि बाजूला झाला. गिरजा हळूच म्हणाली, "आन् पिशवी?"

"ती गाडीवरच ऱ्हाईल."

"गेल्या वर्षी ठेवली हुती. औंदा न्हाई ठेवली तर..."

"तर काय? आजून काय व्हायचं ऱ्हायलंय?"

सुंदरी निरांजनाची वात करत बसली होती. ती वातीकडं बघतच म्हणाली, "भावजी, तुमी लॉक हुडकत हुता तवा हे बोलले हुते."

नागेश होता तिथंच खाली बसला.

"जीभ वळत नव्हती. म्हणाले, नाग्याला सांग, देवाला म्हणावं, पक्कड घिऊन तूच ये." तिनं वात पिळली. "तुमाला ऐकू गेलं न्हाई. मी सांगणार हुते. मागनं म्हटलं, न्हाई सांगायचं."

"का, वैनी?"

"राग हुता. आजूनबी हाय. तुमी वर बघितलं असतं तर शेवटचं हसला तरी असता त्यांच्याबरूबर." मग म्हणाली, "न् पक्कड मीच मागितली हुती. त्योबी राग हाय."

नागेशला हसू आलं. भाऊ बोलला ते ऐकून खरंच हसू आलं, आणि ते तोंडातून बाहेर पडता पडताच त्याचं रडणं झालं. गिरजा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. सुंदरी रडली नाही. तिनं वात निरांजनात ठेवली, ती पेटवली, हात जोडले. मग पाटावरून विळा उचलला. हळदीचा, फुलासकट.

"वैनी, हत्यार!" गिरजा घाबरून म्हणाली.

"कणसं आणाया नगोत?" सुंदरीनं विळ्यावरचं फूल काढून पाटावर परत ठेवलं. "हातानं न्हाई काढायची कुणी. ह्या घरात तरी न्हाई."

ती अंगणात उतरली. नागेश डोळे पुसत मागं आला. गाडीजवळ थांबून त्यानं विचारलं, "सोडू शेतापातूर?"

सुंदरीनं गाडीकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. दाभणाचे ओबडधोबड टाके अजून तसेच होते.

"नगो," ती म्हणाली. "चालत जाते मी."

बांधावर जाऊन तिनं विळ्यानं गवत झोडपलं, थांबली, पुन्हा झोडपलं, आणि मगच पाय टाकला. ती परत येईपर्यंत नागेश गाडीपाशीच उभा होता, एक हात पिशवीवर ठेवून.