तारलीसाठी उतरवलेला आवाज

बोलण्याआधी आमच्या शेजारचे काका उजवा हात तोंडाच्या कडेला आडवा धरायचे, वाऱ्यावर हाक मारताना धरतात तसा. समोरचा माणूस हातभर अंतरावर का असेना. ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. चालू इंजिनाशेजारी उभं राहून खलाशांना ओरडून सांगायची सवय. मालवणच्या धक्क्यावर अशी माणसं तुम्हीही ऐकली असतील. भांडतायत की जेवायला बोलावतायत, लांबून काही कळत नाही.

"माका मांजरां आवडनत नाय!" हे त्यांचं वाक्य आमच्या अख्ख्या वाडीला पाठ होतं. कारण काकींनी मांजर पाळलं होतं. तारली माशासारखं रुपेरी करडं अंग, म्हणून तिचं नाव तारली. काकी मासे साफ करायला बसल्या की ती त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायची, आणि काकांची चप्पल वाजली की पलंगाखाली. "आमचां चेडूपण ल्हान असताना थयच जावन बसायचां," काकींनी मला एकदा हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नव्हतं. ती मुलगी आता लग्न होऊन म्हापशाला होती आणि क्वचितच माहेरी यायची.

काकी साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. बाराव्याच्या दिवशी काका मुलीवर सगळ्यांदेखत ओरडले. कशावरून, ते आता कुणालाच आठवत नाही, बहुधा चहावरून. ती संध्याकाळच्या गाडीने निघून गेली. मग ना आली, ना तिचा काही निरोप.

थोड्या दिवसांनी काका तावातावाने आमच्या अंगणात उभे. मी शाळेत शिकवते आणि आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांजरं, म्हणून ते माझ्याकडे आले असावेत.

"बाईनू! ही तारली माझ्यार सूड काढता! तुमच्या काकीच्या उशयेर मुतली!"

"सूड नाय काका. मांजराक सूड कळना नाय. पयली डॉक्टराक दाखवया, लघवीचो काय त्रास आसा काय बघूक. नसलो तर ती भियालली आसा. उशयेक काकींचो वास, म्हणान थय जाता."

"मगे मी काय करू?"

"मारू नका. आरडू नका. आणि काकींचां एक जुनां लुगडां तिच्या जागेर घाला."

"लुगडां," काका म्हणाले.

डॉक्टरांना काही दुखणं सापडलं नाही. भीतीच होती. मग सुरू झाली काकांची शिकवणी. तिला ओढून बाहेर काढू नका, नुसते जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ करून. डोळ्यांत रोखून पाहू नका. मांजराला ती धमकी वाटते. नजर मिळालीच तर पापण्या सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. तो धिप्पाड माणूस पडवीत बसून पापण्या मिटायचा सराव करायचा. येणारेजाणारे विचारायचे, "काका, डोळ्यात कचरो गेलो काय?"

"गप रवा!" काका गरजायचे, आणि आत तारली पुन्हा पलंगाखाली. मग काका स्वतःच्याच तोंडावर हात दाबून बसायचे.

त्यांचा आवाज एकदम नाही उतरला. आधी वाडीभर, मग शेजारापुरता, मग खोलीपुरता. तारली दरवाजाचं लाकूड ओरबाडायची, तेव्हा पूर्वी त्यांनी चप्पल फेकली असती. आता त्यांनी एक वासा आणून त्याला सुंभ गुंडाळला आणि दाराशेजारी उभा केला. "तिका नखां घासूक कायतरी होयाच ना," हे मलाच समजावून सांगितलं. एका सकाळी त्यांच्या चपलेत मेलेली पाल निघाली. मी म्हटलं, "तुमच्यासाठी हाडल्यान. घरातलां माणूस समजता तुमका." काकांनी ती पाल कागदावर घेऊन अशी अलगद बाहेर नेली, की पाहणाऱ्याला प्रसाद वाटावा.

आणि एका दुपारी त्यांनी खिडकीतून मला हातानेच बोलावलं. ते जमिनीवर उताणे पडले होते. पोटावर तारली, डोळे अर्धे मिटून एकाआड एक पंजा दाबत होती. गंजीफ्रॉकाला नखं अडकत होती.

"टोचता," ते पुटपुटले. "कित्या करता असां?"

"पिल्लां आवशीचां दूध पिताना असां करतत. मोठी झाली तरी बरां वाटला की करतत. हलू नका."

ते हलले नाहीत. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत गेलं, तेही त्यांनी पुसलं नाही.

"बाईनू, तुमच्या काकीवांगडा असां हळू मी कधी बोलूकच नाय. आखो जल्म. चेडवावांगडापण नाय."

"चेडवाक फोन करा मगे."

"करतलंय. नाक्यार जावन करतलंय," ते म्हणाले. घरात फोन नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात तारली तांदळाच्या कणगीमागे जाऊन बसू लागली. अंग चाटणं तिने सोडलं होतं, केसांच्या जटा झाल्या होत्या. काकांनीच ओळखलं. "दुखणाऱ्या मांजराक लपाक होया, तुमीच सांगलात," म्हणत त्यांनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात ती त्यांच्या मांडीवर घुरघुरत होती. काकांचा चेहरा उजळला. "घुरघुरता डॉक्टर. म्हणजे बरी आसा ना?"

डॉक्टर म्हणाले, दुखत असलं तरी मांजर घुरघुरतं, स्वतःलाच धीर देण्यासाठी. मूत्रपिंडं गेली होती. आता उपाय म्हणजे तिच्याजवळ बसणं.

काका बसले. काकींच्या लुगड्यावर तारली होती आणि तिच्याशेजारी ते, दिवसचे दिवस, काहीतरी सांगत. काय सांगत, ते भिंतीपलीकडे मला कधीच ऐकू आलं नाही. ती गेली तेव्हा त्यांनी तिला परसात अनंताच्या झाडाखाली लुगड्यासकट पुरलं.

त्यानंतर त्यांचा आवाज परत चढला नाही. बाजारात कोळणी त्यांच्यावर खेकसायच्या, "मोठ्यान बोला, आयकाक येना नाय!" काका बोटाने मासा दाखवायचे. पावसाळा लागायच्या आधीच एका सकाळी ते पडवीतल्या खुर्चीत गेलेले सापडले.

मुलगी आली. दिवसकार्य आटोपल्यावर घर आवरताना तिला दाराशेजारचा सुंभाचा वासा दिसला. "ह्यां काय बाई?" मी सगळं सांगितलं. पापण्या मिटण्याचं, पालीचं, त्या दुपारचं. ती मधून मधून एवढंच विचारत होती, "बाबा? आमचे बाबा?"

मग ती त्या वाशाला टेकून खाली बसली.

"बाई, मध्यंतरी एक फोन इल्लो. नंबर वळखीचो नाय होतो. कोणतरी अगदी हळू म्हटल्यान, 'बाय, जेवलंस?' मी इचारलंय, कोण बोलता? परत तसांच हळू, 'मी.'"

तिने पदर तोंडावर धरला.

"माका आवाज वळखाक इलो नाय बाई. राँग नंबर सांगून ठेवलंय."