डाव्या हाताची विळी

मी डावखुरी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी धांदरट आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही.

लहानपणी जेवताना किंवा लिहिताना डावा हात पुढे आला की माझी आई हलकीच चापट मारायची आणि हात मागे जायचा. पुढे लिहिणं, जेवणं उजवीकडे गेलं. सुरी आणि कात्री मात्र मी कधी डाव्या हातात धरायला लागले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात राहायचं ते एवढंच, की मी कापलेलं कापड वाकडं असतं, मी सोललेला बटाटा सालासकट निम्मा होतो आणि माझ्या बोटाला कायम चिंधी बांधलेली असते. "हिच्या हातात विळी देऊ नका," हे मी माहेरी ऐकलं, मग सासरी ऐकलं. मलाही ते पटलं होतं.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर यांच्या हिंजवडीच्या कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं. वारज्याच्या घराला कुलूप लावून आम्ही निघालो. सामानात कुकर होता, तवा होता, पोळपाट-लाटणं होतं, गोडा मसाला तर दोन डबे होता. बटाट्याची सालं काढायचं सोलाणं तेवढं राहिलं. आठवड्याभराने मी एकटीच ते आणायला बाहेर पडले.

चौकात स्वयंपाकाच्या वस्तूंचं एक दुकान होतं. आत शिरले आणि पाय थबकले. मला भांड्यांचं दुकान म्हणजे काय ते आपल्या पेठेतलं माहीत. आपण पायरीशी उभं राहायचं, आपण तोंड उघडायच्या आत गादीवरून "काय पाहिजे?" येतं आणि मागाल तेवढीच वस्तू समोर आदळते. इथे तीन मजले होते आणि कुणी काही विचारत नव्हतं. एकेका कामाला एकेक हत्यार. चेरीची बी काढायला एक, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या करायला एक, सफरचंदाच्या एका दाबात आठ फोडी करायला एक. भिंतभर सुऱ्या, लहानीपासून मोठीपर्यंत, शाळेच्या रांगेत उभ्या केल्यासारख्या. मी हात मागे बांधून, देवळात फिरावं तशी फिरत होते.

सोलाण्यांपाशी आल्यावर न राहवून एक उचललं आणि डाव्या हाताने हवेतच बटाटा सोलून पाहिला. मागून पावलं वाजली. दुकानातली एक पिकल्या केसांची बाई माझ्याकडेच येत होती. आता बोलणी बसणार म्हणून मी सोलाणं घाईने परत ठेवलं. तिने मान हलवली आणि तोडक्या इंग्रजीत विचारलं, "डावा हात?"

मी तो हात चक्क पाठीमागे लपवला. ती हसली आणि तिने स्वतःचा डावा हात वर करून दाखवला. मग मला कोपऱ्यातल्या एका कपाटाशी नेऊन तिने एक रुंद खण ओढला.

त्या खणात सगळं डाव्या हाताचं होतं. सोलाणी होती. कात्र्या होत्या, डबा फोडायचं हत्यार होतं. चोच उलट्या बाजूला असलेली पळी होती. मापाचं एक भांडं होतं, त्यावरचे आकडे डाव्या हातात धरल्यावर आपल्याकडे येत होते. मी ते भांडं या हातातून त्या हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं. माझी भाषा न येणाऱ्या, मला कधीही न भेटणाऱ्या कुणीतरी टेबलाशी बसून विचार केला होता, की डावखुऱ्या बाईला आकडे वाचायला भांडं फिरवावं लागतं. माझ्या घरच्यांच्या मनात हे कधी आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

बाईने एका कागदावर पेन्सिलीने गोल काढला आणि कात्री माझ्या हातात दिली. पहिला गोल फाटला. अंगठ्याला जन्मभराची खोड लागली होती, तो पाती उलटीच दाबत होता. दुसराही वाकडा गेला. मी कात्री परत देऊ लागले तर तिने घेतली नाही, दुसरा कागद पुढे केला. तिसऱ्या खेपेला मला एकदम रेघ दिसली. कात्रीच्या पात्याला चिकटून, स्वच्छ, शेवटपर्यंत. इतकी वर्षं ती माझ्यासाठी पात्याआड असायची आणि ती बघायला मी मान वाकडी करायचे. गोल पुरा कापून झाला तेव्हा माझे डोळे भरले होते. तो गोल तिने कात्रीबरोबर पिशवीत घालून दिला.

त्या संध्याकाळी मी ओट्याशी डाव्या हाताच्या नव्या सोलाण्याने बटाटे सोलत होते. साल लांबलचक, पातळ उतरत होतं. हे दारात उभे राहून बराच वेळ बघत होते.

"मला वाटायचं तुला स्वयंपाकाचा कंटाळा आहे," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटायचं," मी म्हटलं.

दोन वर्षांनी परत आलो तेव्हा वारज्याच्या घरातली विळी गंजून गेली होती. सासूबाई हडपसरहून आठ दिवस राहायला आल्या होत्या. हडपसरला आमची शेती होती, आता तिथे इमारती आहेत, पण सासूबाईंच्या बोलण्यात आणि चालण्यात ते रान अजून तसंच आहे. त्यांना घेऊन मी रविवार पेठेत विळी घ्यायला गेले आणि मनात धरलेलं बोलून टाकलं, "डाव्या हाताची विळी आहे का हो?"

दुकानदाराने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "विळीला हात नसतात, बाई. ते गिऱ्हाइकाने आपले आणायचे."

आम्ही पायरी उतरलो तेव्हा मागून पुन्हा आवाज आला. "मागच्या गल्लीत एक चाचा बसतात. पाती तेच घडवतात. त्यांना विचारा. आणि हो म्हणाले तर मला कळवा, मलाही बघायची आहे."

चाचांचं दुकान दाराएवढंच रुंद होतं. आत भट्टी, ऐरण आणि ते. मी भीतभीत सांगितलं. ते हसले नाहीत. तयार विळी पुढ्यात ठेवून म्हणाले, "बसा ताई. रोज बसता तशा."

सासूबाईंनी पिशवीतला नारळ पायरीवर आपटून फोडला. मी खोवायला लागले. चाचा उकिडवे बसून बघत राहिले, विळीकडे नाही, माझ्या मनगटाकडे. मग त्यांनी एक काकडी चिरायला लावली.

"तुम्ही नारळ उलटा फिरवता," ते म्हणाले. "दात या अंगाला झुकलेत, म्हणजे तुम्ही दातांच्या पाठीवर घासताय. आणि धार एका बाजूने काढलेली असते, ती तुमची फोड बाहेर ढकलते." मग माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे कापतं ना नेहमी?"

मी बोटाबद्दल काही सांगितलंही नव्हतं. त्या बोटावर तीन वण आहेत.

"मग तशी बनेल का, चाचा?"

"का नाही बनणार? आजवर कुणी मागितली नाही, म्हणून बनवली नाही."

दुपारभर आम्ही त्या पायरीवर बसलो. लोखंडाची पट्टी भट्टीतून लाल होऊन आली, ऐरणीवर वाकली, चाकावर ठिणग्या उडवत तिला दुसऱ्या अंगाने धार चढली. मग चाचांनी कानस घेतली आणि खोवणीचा एकेक दात उलट्या बाजूला झुकवत कापला. मधेच मला बसवायचे, मनगट बघायचे आणि पुन्हा कानस चालवायचे. मापाची पट्टी त्यांनी एकदाही हातात धरली नाही. परदेशातल्या त्या खणाकडे मी जशी बघत राहिले होते तशीच इथेही बघत होते. तिथे वस्तू माझी वाट बघत होती. इथे ती माझ्यासमोर, माझ्या हाताकडे बघून, नसलेलीची असलेली होत होती.

पातं पाटावर बसलं तेव्हा मी पुढे झाले, तर सासूबाई म्हणाल्या, "थांब जरा. मला बगू दे."

त्या बसल्या. डावा पाय पाटावर, डाव्या हातात नारळाची वाटी. आणि हात असा फिरू लागला की मी बघतच राहिले. चव सरसर ताटलीत पडत होता, एकसारखा, पांढरा. वाटी रिकामी होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

"आई, तुम्ही?"

"मी बी डावरीच हाय. लगीन झालं तवा सासू बोलली, डाव्या हातानं केल्यालं देवाला चालत न्हाई. तवापास्नं सोडला."

"कधी बोलला नाहीत."

"बोलून काय? दहा मानसांचं करायचं हुतं. कंच्या हातानं करती ते कोन बगतंय?"

चाचांनी दुसरी पट्टी भट्टीत सारली. सासूबाई गडबडीने उठल्या. "नको, नको. माझं आता किती दिस राह्यल्यात?"

"मावशी," चाचा भाता ओढत म्हणाले, "लोखंड तापायला लागलंय."

त्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी आम्ही सगळे हडपसरला होतो. पुरणावरणाचा स्वयंपाक चालू होता. सासूबाईंनी आपली विळी मांडली, डावा पाय पाटावर ठेवला आणि नैवेद्याचा नारळ सगळ्या बायकांदेखत खोवायला घेतला. त्यांच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हात."

"हाय की," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "माझाच हाय," आणि दुसरी वाटी उचलली.