नववा माणूस

जोहाना व्हेल्डकॅम्पला 'नाही' म्हणणारा माणूस आमच्या भागात नव्हता, आणि तिचा घात त्यातच झाला. आयोवात तोंडावर नकार कोणी देत नाही. "तुमचं बरोबरच आहे, बघू या," म्हणतात आणि कॉफीचा दुसरा कप भरतात.

कित्येक वर्षं ती पक्षाची प्रभाग अध्यक्ष होती. फेब्रुवारीतल्या बर्फात शाळेच्या जिममध्ये कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची सभा, भरायचा. तिथे चिठ्ठी टाकायची नसते. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. ज्या कोपऱ्यात शंभरात पंधरा माणसंही नसतात, तो मोडतो. टिकलेल्या कोपऱ्यालाच काउंटीच्या बैठकीत प्रतिनिधी मिळतो.

त्या वर्षी जोहानाला तो प्रतिनिधी हवाच होता. तिच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, अडीच हजार डुकरांची शेड येणार होती. घरात नवरा हार्लन, फुप्फुसं निकामी झालेला, नाकात ऑक्सिजनची नळी. शेडखालच्या मैलाखड्ड्याची वाफ सुरू झाली की हार्लन उन्हाळा काढणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. शेडविरुद्ध ठराव मांडायचा तर आपला प्रतिनिधी लागणार. जानेवारीभर ती दारोदार फिरली. सगळे म्हणाले, "अर्थात, जोहाना."

निघताना हार्लन म्हणाला, "मलाही ने."

"उणे वीस आहे बाहेर. आणि तुझी गरज नाही रे, सगळे येतायत."

सातच्या ठोक्याला तिने जिमचं दार लावलं. मागोमाग ट्रेंट ब्राउवरचा पुतण्या धापा टाकत आला. ट्रेंट डुक्कर उत्पादकांच्या संघटनेचा माणूस. आयुष्यभर दुसऱ्या पक्षात होता, पण त्याच संध्याकाळी दारातल्या नोंदणीच्या टेबलावर पक्ष बदलून आत आला होता. तसं चालतं.

"दोन मिनिटांनी काय बिघडतं, जोहाना?"

"सात म्हणजे सात, बाळा. तिकडे प्रेक्षकांच्या खुर्चीत बस. मोजणीत नाहीस तू."

ट्रेंट तिने सगळ्यांसाठी केलेला दालचिनी रोल खात समोरच्या कोपऱ्यात उभा राहिला. लोक खुर्च्यांवरून उठत, आधी त्याच्याकडे बघत, मग त्याच्या कोपऱ्याकडे चालू लागत. कोणाचा मुलगा त्याच्या कत्तलखान्यात कामाला, कोणाचा मका त्याच्या चाऱ्यात. जोहानाची सख्खी बहीण मार्दाही मान खाली घालून तिकडे गेली.

जिममध्ये साठ माणसं. नऊ लागत होती. जोहानाच्या कोपऱ्यात आठ.

"मार्दा, तू म्हणाली होतीस."

"तुझं बरोबरच आहे गं," मार्दा म्हणाली. जागची हलली नाही.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर हार्लन. स्वतः पिकअप चालवत आला होता, ऑक्सिजनचं नळकांडं कुशीत धरून, भुवयांवर बर्फ. आठ डोकी बघून त्याच्या लक्षात आलं. तो तिच्या कोपऱ्याकडे निघाला.

ट्रेंटने बोटं चाटली. "अध्यक्ष, एक शंका. सात म्हणजे किती हो?"

कोणीतरी खुसखुसलं. पुतण्याने उठून शेजारची खुर्ची पुढे ओढली. "या काका. इथून छान दिसतं."

"जो, तू अध्यक्ष आहेस," हार्लन म्हणाला.

"म्हणूनच," जोहाना म्हणाली. "बस तिथे."

तो बसला. मोजणी वाचून दाखवणं अध्यक्षाचंच काम. तिने वाचली: "माझा गट, आठ. टिकत नाही."

मग नेहमीची ओढाओढ सुरू झाली. मोडलेल्या कोपऱ्यातल्यांना इतर गट बोलावतात. एकेक करून तिचे सातही जण गेले. शेवटी ट्रेंट आला.

"तुम्हीही या ना आमच्यात. प्रतिनिधी तुम्हालाच करतो, मनापासून. फक्त तो शेडचा ठराव तेवढा घरी ठेवा."

"मी इथेच उभी राहते."

"एकट्या? बरं." त्याने शेवटचा रोल उचलला. "सुरेख झालेत हां. मिसेसला कृती द्या."

जिम रिकामी झाल्यावर तिने खुर्च्या एकात एक रचल्या. हार्लनला उठता येईना. ट्रेंटनेच त्याला दंडाला धरून उठवलं, नळकांडं उचललं, पिकअपपर्यंत नेलं, आणि नळी दारात अडकू नये म्हणून हाताने नीट आत सरकवली.

"थंडी फार आहे, हार्लन," तो म्हणाला. "उन्हाळा येईपर्यंत जपा."