फसलेल्या प्रयोगाचा चहा

आमच्या केंद्रप्रमुखांइतकं विज्ञानावर प्रेम करणारा आणि विज्ञानानं ज्याची इतकी फजिती केली असा माणूस पोंभुर्ण्यापासून अहेरीपर्यंतच्या जंगलात दुसरा झाला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. आसपासच्या प्राथमिक शाळांवर देखरेख ठेवणं हे त्यांचं सरकारी काम. दर महिन्याला आम्हा गुरुजींना एका शाळेत गोळा करून आमच्याच हातांनी प्रयोग करायला लावणं, हे त्यांनी स्वतःहून अंगावर ओढून घेतलेलं काम. खांद्याला कायम एक झोळी. तिच्यात सलाईनच्या नळ्या, सायकलची फाटकी ट्यूब, बांबूची कांडकी आणि तळाशी बिस्किटांचा चुरा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते द्रोणातल्या पाण्यावर टाचणी तरंगवून दाखवत, आणि तोवर शेजाऱ्याचं वरण थंड होऊन जाई.

त्या काळी शाळांना विज्ञानाच्या पेट्या आल्या होत्या. कुमरे गुरुजींच्या शाळेत दसऱ्याला हळदकुंकू वाहून त्या पेटीची पूजा होई, पण ती उघडायची कोणाची छाती नव्हती. काच फुटली तर भरून कोण देणार? केंद्रप्रमुखांनी कपाळाला हात लावला आणि नियमच करून टाकला, की दर महिन्याच्या या संमेलनात ज्याचा प्रयोग फसेल त्याला चहाचा पहिला कप. "फसलं तं फसलं, गुरुजी. काऊन फसलं ते पाहू ना. भेऊन काऊन राह्यले तुम्ही?" चहा करायचे कुमरे गुरुजीच, भरपूर आलं ठेचून. मग काय, हळूहळू सगळ्या पेट्या उघडल्या.

पहिल्या कपाचे खरे मानकरी मात्र केंद्रप्रमुखच. पेला काठोकाठ भरायचा, वर जाड कागद ठेवायचा आणि पेला उलटा धरायचा. हवेच्या दाबानं कागद चिकटून राहतो, पाणी पडत नाही. हा त्यांचा लाडका प्रयोग. दुसरीतल्या पोरांनाही तो जमतो. पण आमच्या सरांना हातवारे केल्याशिवाय बोलताच येत नसे. "हवा खालून दाबते" म्हणताना हात उडायचा आणि सदरा भिजायचा.

एकदा जिल्ह्याहून साहेब आले. आमचं संमेलन म्हणजे नुसता पोरखेळ, अशी कागाळी वर गेली होती. ते बंद करून आम्हाला तालुक्याला भाषणं ऐकायला बसवायचं का, हे साहेब ठरवणार होते. आम्ही सरांना विनवलं, "आज पेला नका घेऊ जी." त्यांनी नेमका पेलाच घेतला. अर्धं पाणी त्यांच्यावर, अर्धं साहेबांच्या बुटांवर. आणि कुमरे गुरुजींनी सवयीनं साहेबांना ओलांडून पहिला कप सरांच्या हातात दिला.

"तुमच्याकडे पाहुण्याला नंतर चहा देतात का?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, ज्याचं फसते त्याले पयले भेटते," कुमरे गुरुजी चाचरत म्हणाले. "तुमचं अजून काई फसलं नाई."

आता संमेलन गेलं, असंच आम्ही धरून चाललो. साहेबांनी बाही वर सारली, पेला भरला, कागद ठेवून उलटा केला आणि सगळ्यांदेखत सगळं पाणी स्वतःच्या अंगावर घेतलं. मुद्दाम की चुकून, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. फसलेल्याचा चहा मात्र त्यांनी हक्कानं मागितला, आणि आमचं संमेलन टिकलं.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपही संमेलनातच दिला. भाषणाला उठले आणि आधी पेला उलटा केला. मग बोलायला तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना. हात जागच्या जागी. कागद तस्साच चिकटलेला, पाण्याचा थेंबही खाली आला नाही.

"जमलं जी, सर," कोणीतरी हळूच म्हणालं.

सरांनी पेला अलगद सरळ केला. "म्हंजे आज मले पयला कप नाई."

कुमरे गुरुजी चहा गाळत होते. त्यांनी पहिला कप उचलला आणि सरांपुढे धरला. "घ्या जी. आज तुमचं बोलनं फसलं."

सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. आम्ही सगळे उगाच खिडकीबाहेरच्या मोहाच्या झाडाकडे बघत बसलो.